एसीचा खोकला

दम्मामच्या विमानतळावर कस्टमवाल्याने माझी बॅग उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुळाची ढेप बाहेर काढली. दोन्ही हातांत धरून तिचं वजन पाहिलं, वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. "शुगर," मी म्हटलं. "इंडियन शुगर." त्याने नखाने एक कण उकरून जिभेवर ठेवला, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून त्यालाही चाखायला लावलं. दोघे आपसात काहीतरी बोलून हसले आणि "यल्ला", म्हणजे चल निघ, म्हणत त्याने ढेप माझ्याकडे सरकवली.

माझ्या सामानात संशय घेण्यासारखं एवढंच होतं. पत्रक एकही नव्हतं. दादाने फोनवर आधीच दम भरला होता, "तुझी ती पत्रकं-बित्रकं आणू नकोस. तिकडे तुम्ही तहसीलदाराच्या दारात बसता आणि तो तुम्हाला चहा पाजतो. इथे एक कागद सापडला तर आधी तू परत, मग तुझ्यामागून मी."

मी गेले होते वहिनीच्या बाळंतपणाला. आईचे गुडघे विमानात चढण्यासारखे राहिले नव्हते, म्हणून मला पाठवलं. गूळ तिनेच दिला. लाडवांना डिंक दिला, अळीव दिले, सुंठ दिली. खारीक मात्र काढून ठेवली. "खजुराच्या गावाला खारीक कुठे नेतेस?" म्हणाली.

दादाचा फ्लॅट अल-खोबरला. खालच्या मजल्यावर केरळी बाईचं शिवणकाम, समोर लाँड्री, आणि दहा मिनिटं चाललं की समुद्र. वहिनीचा सातवा महिना संपत आला होता. भाची आठ वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये जाणारी. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार पहिल्याच दिवशी होऊन गेला. दादा घरी नव्हता. तो काही आठवडे साइटवर असायचा आणि मग थोडे दिवस घरी.

साइटवर तो काय करतो हे त्याला विचारलं तर तो "वाळूचं बघतो" एवढंच सांगतो. म्हणून मीच सांगते. खोबरपासून बरंच दक्षिणेला, हफूफच्या खजुराच्या बागा मागे टाकल्या की वाळवंटात वायूच्या विहिरी आहेत. हा वायू खोल खाली दगडातच अडकलेला आहे. तो आपण होऊन वर येत नाही. मग प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि रसायनं आत सोडायची. दगडाला चिरा पडतात, वाळूचे दाणे त्या चिरांत जाऊन बसतात आणि चिरा मिटू देत नाहीत. मग वायू येतो. या सगळ्याला साइटवर 'फ्रॅक' म्हणतात. "आज फ्रॅक आहे" हे दादा अशा सुरात म्हणतो, जसं आपल्याकडे "आज लग्न आहे" म्हणतात.

गंमत म्हणजे वाळवंटात नेऊन ओतायला ही वाळू वेगळी आणावी लागते. आजूबाजूला दिसते ती तशीच्या तशी चालत नाही. चाळलेली, धुतलेली, एकसारख्या दाण्यांची हवी. ती ट्रकांनी येते, हवेच्या जोराने उंच टाक्यांत चढते, पट्ट्यावरून खाली मिक्सरमध्ये पडते. चढताना आणि पडताना तिचं पीठ उडतं. डोळ्याला दिसतं ते जाड पीठ. खरं वाईट असतं ते न दिसणारं. ते नाकातल्या केसांना जुमानत नाही, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतं आणि पुन्हा कधी बाहेर येत नाही. तिथे वण पडतात. हे मला सौदीला जायच्या आधीपासून माहीत होतं, कारण आमच्या तालुक्यातल्या खडीमशीनवाल्यांविरुद्ध मी याच विषयावर पत्रकं लिहिली होती. बाबा त्याच मशीनवर जन्मभर राबले.

दादा आला तो संध्याकाळी. दारात बूट काढले, निळा कव्हरॉल घडी करून बाल्कनीतल्या बादलीजवळ टाकला, भाचीला उचललं आणि खोकला.

दोन आखूड, एक लांब. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. माझे हात थांबले.

"कसला रे खोकला?"

"एसीचा. इथे सगळ्यांना असतो. बाहेर भट्टी, आत फ्रीज. माणूस आहे का श्रीखंड?"

वहिनी हसली. मी नाही हसले. बाबांचाही असाच होता, दोन आखूड, एक लांब. त्याला आमच्या घरात 'विडीचा खोकला' म्हणायचे. बाबा जेवणानंतर एक विडी ओढायचे, दिवसाकाठी दोन. आईने त्या दोन विड्यांवरून किती भांडणं केली याला गणती नाही. बंडल तांदळाच्या डब्यात लपवायची, एकदा तर विहिरीत टाकलं. बाबा कधी वाद घालायचे नाहीत. खोकायचे आणि हसायचे. शेवटी खोकायचेच नुसते. डॉक्टरने टीबीची औषधं दिली, आणि टीबी नसल्यामुळे ती लागू पडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकठक आवाजाने जाग आली. दादा ओट्यावर ढेप ठेवून बत्त्याने फोडत होता. मोठाले खडे एका प्लास्टिकच्या डब्यात भरत होता.

"तो वहिनीच्या लाडवांचा गूळ आहे," मी म्हटलं.

"अर्धा लाडवांचा. अर्धा माझ्या पोरांचा."

त्याची पोरं म्हणजे त्याच्या हाताखालची माणसं. बहुतेक आपल्याकडचीच, गुहागर, दापोली, इकडे कराड-पाटणची. सगळे बायकामुलं गावी ठेवून कॅम्पात राहणारे. ड्यूटी संपली की वाळूच्या टाकीखालून बाहेर येतात आणि दादा एकेकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, वर पाण्याची बाटली.

"धूळ उतरते," तो म्हणाला. "बाबा नाही का खायचे मशीनवरून आल्यावर? मुकादम द्यायचा."

"आणि बाबांचं काय झालं?"

"बाबांना विडी होती."

मग मी सुरू झाले. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात, दोन रस्ते वेगळे, त्यांची गाठ पडत नाही. गिरणीपासून खाणीपर्यंत प्रत्येक मालकाने कामगाराला गूळ खिलवला, कारण गूळ मास्कपेक्षा स्वस्त. गुळाने घशाला बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभा राहतो. या खोकल्याचं खातं कुणाच्या नावावर आहे? ही माणसं कुणाची?

"झालं भाषण?" वहिनी आतून म्हणाली. "आता कोथिंबीर निवड."

दादा डब्याचं झाकण लावत होता. "मालक देत नाही गूळ. मी देतो. उन्हातनं आलेल्याला गूळपाणी द्यायचं ही आपली रीत आहे. त्यात तुला मालक कुठे दिसला?"

मला दुष्ट मालक हवा होता आणि समोर उभा होता माझा भाऊ, गूळ वाटणारा. आणि साफ सांगते, मास्कही होते. साइटवर खोकीच्या खोकी होते. सुरक्षेची मोठी पाटी होती, सकाळची सूचनासभा होती. पण मास्क लावला की चष्म्यावर वाफ येते, घाम साचतो, शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही. टाकी भरायची घाई असते. मग मास्क हनुवटीवर येतो आणि तिथेच राहतो. वरचे साहेब गाडीतून येतात, काचेतून बघतात, हनुवटीवरचा मास्कही त्यांच्या हिशेबी मास्कच. आणि संध्याकाळी गूळ आहेच.

मी त्याच आठवड्यात वहीच्या पानावर एक मजकूर लिहिला. सवय जात नाही. वर मोठ्या अक्षरांत: 'गुळाने फुप्पुस धुतलं जात नाही!' दादाने पान उचललं आणि वहिनीसमोर ठसक्यात मोठ्याने वाचलं.

"फुफ्फुस," तो म्हणाला. "दोन्ही फ. एवढी शिकलीस आणि रोगाच्या जागेचं नाव लिहिता येत नाही." मग पान चार तुकड्यांत फाडून चहाच्या चोथ्यावर टाकलं. रागाने नाही. "कळलं ना? हे कॅम्पात सापडलं तर खलास."

मी वही मिटून बॅगेच्या तळाशी टाकली.

पुढच्या सुट्टीत त्याने आम्हाला शुक्रवारी हफूफला नेलं. वहिनीला ताजा खजूर खायचा होता आणि माझं, म्हणे, डोकं थंड करायचं होतं. सोबत त्याचा क्रेन ऑपरेटर होता, रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा. त्याला सगळे चाचा म्हणत, आम्हीही. चाचा पुढे बसला होता आणि रस्ताभर मागे वळून माझी थट्टा करत होता.

"काय गो बाय, तू म्हणे डोंगर वाचवतेस? इथे बघ, डोंगरच नाय. सुटलीस!"

बागा संपल्यावर रस्ता उघडा झाला. आमच्यापुढे ट्रक चालले होते, एकामागे एक, एकाच रंगाचे. चाचाने बोट दाखवलं, "आमची वाळू चालली." बऱ्याच लांब, क्षितिजावर, दिवसाढवळ्या वायूची एक ज्योत पेटलेली दिसत होती.

मी पाण्याचं विचारलं. एवढं पाणी या देशात कुठून आणता?

"समुद्राचं. साफ करून," दादा म्हणाला. "गोड्या पाण्याला हात लावत नाही आम्ही."

"आणि आत घातलेलं पाणी परत वर येतं ते?"

"टाकीत."

"आणि टाकीतनं?"

"दुसऱ्या टाकीत."

"आणि तिथून?"

"तिथून मला माहीत नाही बाई. माझं वाळूचं खातं आहे." मग हसून म्हणाला, "इथे गाव नाही, शेत नाही. तुझं पत्रक वाटणार कुणाला? उंटांना?"

"उंट निदान वाचून फाडणार नाहीत," मी म्हटलं. "गाव कसं नाही? कॅम्प गावच आहे. फक्त त्यात म्हातारं माणूस नाही, आजारी माणूस नाही आणि बाई नाही. तुझ्या त्या पाटणच्या माणसाचं काय झालं?"

पाटणचा माणूस दादानेच सांगितला होता, सहज, जेवताना. वर्षाच्या मेडिकलमध्ये एक्सरे खराब आला आणि त्याला 'खुरूज' मिळालं, म्हणजे कायमचं परत पाठवणं. पुढचं कुणालाच माहीत नाही. या रोगाची तऱ्हाच अशी. धूळ इथे खायची, खोकला तिथे काढायचा. इथल्या दवाखान्यात तो माणूस परत गेलेला, गावच्या दवाखान्यात तो टीबीचा संशयित. दोन्हीकडच्या कागदांत कुठेही वाळू नाही. एरवी मी या वाक्याखाली दोन रेघा मारल्या असत्या.

चाचाच बोलला. "खरं सांगू बाय? आम्ही मेडिकलच्या आधी दोन दिवस गरम पाण्यात गूळ-हळद पितो. डॉक्टरच्या समोर खोकला यायचा नाय, एवढंच बघतो. तुझा दादाच करून देतो."

मी दादाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. त्याची मेडिकल महिन्यावर आली होती.

"तू पण पितोस?"

"एसीचा खोकला आहे," दादा म्हणाला. "त्यासाठी इकामा घालवू? इथे राहायचा परवानाच जाईल."

त्या क्षणापासून मला त्या एका गोष्टीखेरीज दुसरं काही सुचेना. वायू, पाणी, ज्योत, सगळं मागे पडलं. हा माणूस डॉक्टरसमोर बसून खोकला गिळणार होता. बाबांना निदान गिळावा लागला नव्हता.

"मास्क घाला की मग," वहिनी चाचाला म्हणाली. ती पहिल्यांदाच या विषयात पडत होती.

"ह्या दाढीवर?" चाचाने दाढी मुठीत धरली. "कडेने सगळी हवा आत. साहेब बोलतो, दाढी काढ. मक्केला उमरा करून ठेवलेली दाढी हाय, वाळूसाठी काढू?"

"मग दाढीवर बसेल असा मागा," वहिनी म्हणाली. "डोक्यावरून टोपडं घालायचं असतं तसला. माझ्या भावाच्या रंगाच्या कारखान्यात आहे, आत हवा येते पंख्याने."

"तो महाग असतो, वहिनी."

"मग गूळ खा," वहिनी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

खरी गोष्ट घडली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि तिच्यात माझा काही हात नव्हता. आतापर्यंत सकाळी मी भाचीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जात असे आणि परत आल्यावर कव्हरॉल दोरीवर वाळत असलेला बघत असे. तो कोण धुतं हा प्रश्न मला, घरकामावर दोन पत्रकं लिहिलेल्या मला, पडला नव्हता. शनिवारी शाळेला सुट्टी, म्हणून मी घरात होते. वहिनी बाल्कनीत गेली, कव्हरॉल उचलला, कठड्याबाहेर धरला आणि झटकला. उन्हात धुळीचा एक पांढुरका लोट उठला. वारा समुद्राकडून होता. सगळं परत तिच्या तोंडावर. ती डोळे मिटून, मान वळवून पुन्हा झटकू लागली. आठव्या महिन्याचं पोट कठड्याला टेकलेलं. मागे भाची गॅलरीच्या फरशीवर साठलेल्या त्या पिठात बोटाने स्वतःचं नाव लिहीत होती.

"वहिनी!" मी ओरडले.

"काय झालं? न झटकता मशीनमध्ये घातलं तर मशीन बंद पडतं. एकदा पडलंय."

दादा दाढी करत होता. तोंडाला फेस तसाच घेऊन बाहेर आला. मी बोलायला तोंड उघडलं, आणि माझ्या नशिबाने वहिनीने हात वर करून मला थांबवलं. तिने कव्हरॉल खाली ठेवला. स्वयंपाकघरात गेली. गुळाचा डबा घेऊन आली आणि दादासमोर धरला.

"मीही खाऊ का?" तिने विचारलं.

"काय?"

"गूळ. धूळ उतरते ना? मी दर सुट्टीला झटकते हे. हिला पण देऊ एक खडा? आणि हा," तिने पोटाकडे नजर टाकली, "ह्याला मी खाल्लेला पोचेल."

टोमणा नव्हता तो. निदान आवाजात नव्हता. ती खरंच विचारत होती, औषध किती घ्यायचं ते विचारावं तशी.

दादा उभाच राहिला. गालावरचा फेस सुकत चालला होता. पोरांच्या हातावर इतकी वर्षं जो खडा तो ठेवत आला, तोच खडा बायकोच्या हातावर ठेवून "खा, काही होत नाही" म्हणायचं होतं. एवढंच. त्याला ते म्हणता आलं नाही.

"नको," तो म्हणाला. मग, "तू आत जा. बाळालाही आत ने." भाचीला तो बाळ म्हणतो.

"आय ॲम नॉट अ बाळ," भाची म्हणाली.

त्याने बादली भरली, कव्हरॉल पाण्यात दाबून बुडवला, ओल्या फडक्याने फरशी पुसली. कठडा पुसला. दोरी पुसली. खोकला आला तेव्हा थांबला, झाला तेव्हा पुन्हा पुसायला लागला. मी दारातून बघत होते.

त्यानंतर मळका कव्हरॉल घरी आला नाही. साइटवर कपडे धुण्याची सोय होतीच, पण तिथे बटणं तुटतात म्हणून दादा घरी आणायचा. आता धुतलेला कव्हरॉल आणि तुटकी बटणं घेऊन घरी यायला लागला आणि मी ती शिवायला लागले. चाचाला टोपड्यासारखा मास्क मिळायला वेळ लागला. दादाने सुरक्षावाल्या साहेबाच्या केबिनच्या इतक्या फेऱ्या मारल्या की तो त्याला 'मिस्टर मास्क' म्हणू लागला. पहिल्या दिवशीचा फोटो चाचाने पाठवला. अगदी मधाचं पोळं काढायला निघाल्यासारखा दिसत होता. खाली आवाजात निरोप: "बाय, आता दाढी पण खूश, फुप्पुस पण खूश." त्याचाही फ गेलेला ऐकून मला बरं वाटलं.

गूळ मात्र दादाने बंद केला नाही. यावर माझं त्याच्याशी पुन्हा वाजलं. तो म्हणाला, बंद केला तर पोरं म्हणतील फोरमन बदलला, साहेबाचा झाला. मग त्याने काय करावं? ड्यूटी संपली की तो डबा घेऊन उभा राहायचा तसाच उभा राहायचा, पण आता हाताकडे न बघता तोंडाकडे बघायचा. दिवसभर मास्क घट्ट बसला असेल तर नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालांवर लाल वळ उठतो. वळ असेल त्याला गूळ. नसेल त्याला नुसतं पाणी. पहिल्या दिवशी गुहागरचा एक जण शेवटची पाच मिनिटं मास्क दाबून वळ पाडून आला, आणि बाकीच्यांनीच त्याला पकडला. "हा डुप्लिकेट आहे, फोरमन!" आता तेच एकमेकांचे वळ तपासतात.

मला हे अजूनही पूर्ण पटलेलं नाही. वळ पडला म्हणजे धूळ थांबली असं नाही. टाक्यांना झाकणं हवीत, पट्ट्यावर धूळ ओढून घेणारी यंत्रं हवीत, पाण्याची फवारणी हवी. माणसाच्या नाकावर सगळी जबाबदारी टाकून कंपनी मोकळी होते. हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "सांगितलंय मी त्यांना झाकणांचं. सध्या वळ तर बघू दे."

मेडिकलच्या दिवशी वहिनी त्याच्याबरोबर गेली. तिचे नऊ महिने भरत आले होते आणि त्याच इमारतीत तिचीही तपासणी होती. मी भाचीला घेऊन घरी थांबले आणि ती सकाळ फार लांबली. सकाळी त्याने गरम पाणी मागितलं नव्हतं हे मी पाहिलं होतं. पण हळदीची बाटली ओट्यावर का आहे, ती आमटीसाठी मीच काढली होती का, हे मला आठवेना.

दोघे दुपारी परतले. वहिनीने पाय वर घेतले आणि सांगू लागली.

"डॉक्टरने विचारलं, खोकला? हे गप्प. मी आपली बघतेय. डॉक्टर पुढच्या प्रश्नावर गेला, जेवण कसं, झोप कशी. हे सगळं सांगतायत. आणि उठता उठता म्हणाले, ते मघाशी विचारलंत ना, ते आहे. डॉक्टर म्हणाला, क्या है? हे म्हणाले, वो ही. बायकोचं नाव घ्यायला लाजावं तसं!"

"मग?"

"मग मी म्हटलं, खाँसी है, दो साल से, रेत में काम है." तिने ग्लासभर पाणी संपवलं. "मग बसवलं पुन्हा."

एक्सरेत उजव्या बाजूला वरती काहीतरी होतं. मोठं नाही. नक्की काय ते सांगायला आणखी एक तपासणी, आणि तोवर वाळूजवळ जायचं नाही, असं डॉक्टरने लिहून दिलं. आम्ही खुरूजची वाट पाहिली. दादाने मनातल्या मनात सामानही बांधलं असावं, कारण तो दोन दिवस भाचीच्या सायकलचं चाक नीट करत बसला होता. खुरूज आलं नाही. त्याला पाइपच्या यार्डात बदलून टाकलं, पगार जरा कमी करून. याला मी न्याय म्हणणार नाही. पाटणच्या माणसाला यार्ड मिळालं नव्हतं, आणि दादाला मिळालं ते कंपनीला जुना फोरमन घालवायचा नव्हता म्हणून की साहेबाला 'मिस्टर मास्क' आवडला होता म्हणून, हे मला कळायला मार्ग नाही. गुळाचा डबा चाचाकडे गेला.

मुलगा झाला. उरलेल्या ढेपेचे मी लाडू केले, थोडे कडक झाले. वहिनीने ते दुधात बुडवून खाल्ले आणि चांगले झालेत म्हणाली, जे खोटं होतं.

बाळाला घरी आणल्यावर आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन कपाळाला लावल्यासारखा धरला होता, आम्हाला तिचा एक डोळा आणि भुवई तेवढी दिसत होती. दादाने बाळ कॅमेऱ्यापुढे धरलं. नाक कुणाचं, कान कुणाचे हे सुरू झालं. कान बाबांचे ठरले. आणि बोलता बोलता दादाला उबळ आली. त्याने बाळ झटकन माझ्या हातात दिलं, तोंड फिरवलं. दोन आखूड, एक लांब.

"अजून आहे का रे तुझा एसीचा खोकला?" आई म्हणाली. "बंद कर तो एसी. पोराला लागेल."

दादाने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं.

"एसीचा नाही, आई," तो म्हणाला. "वाळूचा आहे."

"म्हणजे?"

"वाळूची धूळ. कामावरची. डॉक्टरला दाखवलंय. आता मी तिथे नसतो."

आईने फोन कपाळापासून लांब नेला तेव्हा तिचा पूर्ण चेहरा दिसला. ती आमच्याकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती, जिथे बाबांचा फोटो आहे. बाळ माझ्या हातात कुरकुरायला लागलं.

"म्हणजे ह्यांचाही विडीचा नव्हता," आई म्हणाली.

दादाने बाळ माझ्याकडून परत घेतलं.

"दोनच ओढायचे रे," ती म्हणाली. "दोनच. आणि मी बंडल विहिरीत टाकलं."